भाताच्या शेतात कबड्डीचं मैदान कसं करावं

आमच्या अलिबाग तालुक्यात भात घरात आलं की गावोगावच्या क्रीडा मंडळांना कबड्डीचे वेध लागतात. मांडव, लाइट, स्पीकर हे पैसे मोजले की येतं. मैदान मात्र मंडळाच्या पोरांनीच करायचं असतं, कारण माती रोज बघावी लागते आणि रोज बघायला भाड्याचा माणूस येत नाही. आमच्या मंडळात हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पहिल्यांदाच स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

शेत दसऱ्याच्या आधीच ठरवा. भात निघाल्यावर जमिनीत ओल उरते, तिच्यावर आमच्याकडे वाल पेरतात. तुम्ही शेत मागता म्हणजे त्या शेतकऱ्याचं एक पीक मागता. म्हणून मंडळातल्या दोघा-तिघा जाणत्यांनी त्याच्या घरी जाऊन बसावं, वालाचं किती निघतं ते त्यालाच विचारावं आणि तेवढे पैसे आगाऊ द्यावेत. बांध फोडावा लागणार नाही असं मोठं खाचर बघा. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याची परवानगी त्याच आठवड्यात मागा. रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, तेव्हा सामन्यांचं वेळापत्रक त्या हिशेबानंच लावा.

आता खरं काम. धसकटं मुळासकट उपटायची. विळ्यानं वरच्यावर छाटलेलं धसकट पायात सुरीसारखं शिरतं. मग कुदळीनं वीतभर खणून ढेकळं फोडा आणि वरची माती चाळून घ्या. चाळणीवर विसंबून राहू नका. आम्ही पोरांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत गुडघ्यांवर बसवतो. प्रत्येकासमोर घमेलं. सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचं, मातीतून बोटं फिरवत. कुणी पुढे पळायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. खाडीकाठच्या शेतात शिंपल्यांचे तुकडे फार निघतात, आणि खड्यापेक्षा शिंपला वाईट कापतो. हे काम खेळाडूंकडूनच करून घ्या. उद्या पकडीत ज्याचा गुडघा घासणार आहे, तो एकही तुकडा मागे ठेवत नाही.

संध्याकाळी पाणी मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी मूठभर माती वळून कमरेच्या उंचीवरून सोडा. दोन-तीन तुकडे झाले तर धुमस, म्हणजे माती चोपायचं जड अवजार, घ्या. हाताला चिकटली तर ऊन चढेपर्यंत थांबा. भुगा झाला तर पुन्हा पाणी. गावात खळं करणारी जुनी माणसं असतील तर त्यांना मानानं बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या. चोपण्याचा नुसता आवाज ऐकून ती सांगतात की कुठं पोकळ राहिलं आहे. आमचे एक काका बांधावर बसल्या बसल्या हाक मारतात, "अरे, त्या कोपऱ्यात अजून बद्द वाजतंय!" आणि तिथं खरंच टाच रुतते. सलग चार-पाच दिवस पाणी, चोपणं, पाणी, चोपणं असं चालू ठेवा. शेवटी वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्या. तो नसेल तर कातडी सोलवटते.

आखणीच्या वेळी बोलणारा माणूस एकच ठेवा. दहा जण सूचना द्यायला लागले की मैदान वाकडं झालंच म्हणून समजा. टेप स्टीलची घ्या, कापडी टेप ताणली जाते. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, त्यात दोन्ही बाजूंची एकेक मीटरची लॉबी, म्हणजे कडेची पट्टी, धरलेली असते. दोन्ही कर्ण मोजा. ते १६.४० मीटर भरले तरच कोपरे काटकोनात आहेत. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा (चढाईत निदान एवढी तरी ओलांडावीच लागते ती), तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा (जादा गुणाची), तिथून अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटर उरतात. महिलांचं मैदान १२ बाय ८, कर्ण १४.४२, निदान रेषा ३ मीटरवर, बोनस ४ मीटरवर. दोन्ही आखण्या एकाच वेळी करू नका, पंच आणि खेळाडू दोघंही गोंधळतात. आणि महिलांच्या सामन्यांना मैदान त्यांच्याच मापाचं आखून द्या, पुरुषांच्या रेषांवर भागवू नका.

रोज रेषा पुसल्या जाणारच. त्यासाठी प्रत्येक रेषेच्या सरळीत, मैदानापासून चांगलं लांब, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकून ठेवा. सुतळी ताणली की रेषा जिथल्या तिथं सापडते. मैदानाच्या आत एकही खिळा नको, पट्टी ठोकायलासुद्धा नको. रेषेला फक्की, म्हणजे आखणीची पांढरी भुकटी, वापरा. कळीचा चुना आणू नका, तो डोळ्यांत आणि सोललेल्या जखमेत भाजतो. रेषेची जाडी मैदानातच मोजली जाते, म्हणून सुतळी बाहेरच्या कडेला धरा.

लाइट उंच आणि बाजूंनी लावा. चढाईला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर समोरून झोत आला तर त्याला पाय दिसत नाहीत. बसायच्या गॅलरीचं काम मात्र जाणकार मांडववाल्यालाच द्या आणि तिच्याखाली पोरं खेळू देऊ नका.

स्पर्धेच्या दिवसांत दोघांची पाळी फक्त मैदानाची लावा, त्यांना दुसरं काही सांगू नका. शेवटचा सामना संपला की ताडपत्री अंथरायची, नाहीतर पहाटेच्या दवानं माती चिकट होते. दुपारी ऊन उतरल्यावर हलकं पाणी शिंपडायचं आणि सुतळी ताणून फक्की मारायची. दोन सामन्यांच्या मधे निदान रेषेजवळचे खड्डे भरायचे, कारण पकडी बहुतेक तिथंच होतात.

चपला घालून कुणालाही आत सोडू नका, पाहुणे कितीही मोठे असोत. आणि उद्घाटनाचा नारळ मध्यरेषेवर फोडायचा आग्रह होईल, तो मानू नका. बांधाजवळ दगड मांडा, तिथं फोडा, आणि करवंटीचे सगळे तुकडे लगेच उचलून घ्या.