बोलपूरला निघण्याआधी अजिंठा बघून या

पश्चिम बंगालात बोलपूरला लागून असलेल्या शांतिनिकेतनच्या कलाभवनात, म्हणजे विश्वभारती विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात, नंबर लागला की बीड, परभणी, लातूरकडून फोन येतो, "ताई, सोबत काय काय आणू?" मी अंबाजोगाईची. बोलपुरात राहून मला १८ वर्षं झाली. माझं उत्तर ठरलेलं आहे: सामान नंतर भरा, आधी अजिंठ्याला जाऊन या. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढा वार सोडा. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहा. रंग जिथे उडालाय तिथला गिलावा बघा: माती, शेण, भाताचं तूस आणि वर चुन्याचा पातळ हात. १९०९ साली तरुण चित्रकार नंदलाल बोस याच भिंतींच्या नकला उतरवायला आले होते, आणि पुढे कलाभवनाची घडी त्यांनीच बसवली. परक्या मुलखात निघालोय असं वाटत असेल तर हे ध्यानात ठेवा.

दुसरं, रांगोळी येत असेल तर लपवू नका. मी लपवली होती. कॉलेजात घरगुती कलेला कोण विचारतंय, असं वाटायचं. मग एका उत्सवाला आलपना, म्हणजे बंगाली रांगोळी, काढायला बसवलं. आपली रांगोळी कोरडी, चिमटीतून सुटते, ही ओली. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात चिंधी बुडवून मुठीत हलकी दाबायची आणि अनामिकेवरून ओघळणाऱ्या धारेनं रेघ ओढायची. ओली असताना ती जेमतेम दिसते, वाळली की पांढरीशुभ्र उमटते. मी सवयीनं ठिपके मांडायला लागले. शिकवणाऱ्या दीदी म्हणाल्या, ठिपके राहू दे, मनगट फिरू दे. आईनं अंगणात वळण लावलेला हात त्या दिवशी मला पहिल्यांदा कामी आला.

आधुनिक शिल्प म्हटलं की आपली पोरं बिचकतात. त्यांना मी रामकिंकर बैज यांच्या १९३८ च्या 'संथाल कुटुंब'पाशी नेते. सिमेंटमध्ये लाल मुरमाचे खडे कालवून केलेलं, उघड्यावर उभं असलेलं काम. कावडीत लेकरू, बाईच्या डोक्यावर पाटी, संगं कुत्रं. ते पाहिलं आणि मला दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी आमच्याकडची बिऱ्हाडं दिसली. बराच वेळ तिथून पाय निघाला नाही. ते समजायला मला कुठलंही पुस्तक लागलं नाही.

आता रोजचं. सुट्टी बुधवारी असते, रविवारी वर्ग भरतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रविवारी फोन उचलला नाही म्हणून काळजी करत बसतील. शिक्षकांना नावापुढे 'दा' किंवा 'दी' लावतात, त्यात अनादर नाही. जुनी सायकल घ्या. जेवणात दोन्ही वेळ भात आणि मोहरीचं तेल. महिनाभरात जीभ सरावते. ज्वारीचं पीठ जास्त आणू नका, पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, गेली की भाकरी थापता येत नाही. येसर मसाला आणि शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर आणा.

१ आणि २ डिसेंबरला कलाभवनात नंदन मेळा असतो. विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तू विकायच्या आणि आलेला पैसा अडल्यानडल्या विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत टाकायचा, अशी रीत १९७३ पासून आहे. पहिल्याच वर्षी नुसते बघे होऊ नका. आपल्या हातचं काहीतरी मांडा.