चालती जुनी गाडी बंद पडून परत सुरू होत नसेल, तर थंड व्हायच्या आत बघून घ्या

बेळगावजवळचा वंटमुरी घाट चढताना माझी १९९७ ची मारुती ८०० गपकन बंद पडली आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी सुरू झाली. गॅरेजात नेली तर मिस्त्री म्हणाले, "चांगली चालते की ओ, काय झालंय हिला?" असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा तिथंच बॉनेट उघडलं. दोष सापडतो तो गाडी बंद असतानाच, आणि त्यासाठी हातात पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात.

आधी गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावा. उसाच्या हंगामात रात्री गाडी रस्त्यावर ठेवून तपासत बसू नका. संकेश्वर-निपाणी पट्ट्यात मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या किती असतात ते सगळ्यांना माहीत आहे. टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत असेल तर बाकीची तपासणी सोडा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

आता आठवा, गाडी बंद कशी पडली? दम लागल्यासारखी, झटके देत, ओढ कमी होत गेली तर संशय पेट्रोलवर. चावी फिरवून बंद केल्यासारखी एका क्षणात गेली तर संशय करंटवर, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या विजेवर. हा काही पक्का पुरावा नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

मग सेल मारा. नुसतं टकटक वाजत असेल आणि दिवे मंदावत असतील, तर बॅटरीचे टर्मिनल हातानं हलवून बघा. पांढरी-हिरवी बुरशी आणि ढिला नट, जुन्या गाड्यांचं निम्मं दुखणं इथंच असतं. मीटर असेल तर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल मारताना ती ९.५ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली. उलट, इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटला असावा. मग पुन्हा सेल मारू नका, सरळ टोचन बोलवा.

सेल नीट घेते पण इंजिन पकडत नाही, तर करंट बघा. त्यासाठी एक जादा प्लग गाडीत ठेवावा. प्लगची एक वायर काढून त्यात हा प्लग बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगा. वायर हातात धरू नका, जवळ पेट्रोल गळत नाही ना तेही बघा. निळी, कडक ठिणगी आली तर करंट आहे. पिवळट, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), पॉइंट, कंडेन्सर, रोटर यांतलं काहीतरी गेलं. आमच्या मिस्त्रींच्या कानडीत "करंट इल्ल री", म्हणजे करंट नाही हो.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, थ्रॉटल हातानं झटकन उघडा आणि आत टॉर्च मारा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. नाही उडाली तर पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय किंवा पंप ओढत नाही. धार येते पण प्लग ओले निघतात, तर पेट्रोल ओव्हर झालंय: अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल मारा. साधारण २००० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोनेक सेकंद 'घूं' आवाज येतो. आला नाही तर आधी फ्यूज, रिले बघा, मग पंप.

टाकीचं झाकणही उघडून बघा. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. फुकटातली दुरुस्ती.

गरम झाल्यावरच रुसणाऱ्या गाडीसाठी जुन्या ड्रायव्हर लोकांची ओल्या फडक्याची युक्ती अजून चालते. चावी बंद करा, पिळलेलं ओलं फडकं आधी फक्त इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ठेवा, पाच मिनिटांनी सेल मारा. सुरू झाली तर पेट्रोलची वाफ अडत होती. नाही झाली तर फडकं कॉइलवर ठेवा, वायरींना पाणी लागू न देता. दोन्हीकडे एकदम ठेवलंत तर गाडी सुरू होईल, पण दोषी कोण ते कळणार नाही. इंजेक्शनच्या गाडीत असाच रुसवा बऱ्याचदा क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या सेन्सरचा) असतो.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात मात्र वेगळंच. तिथं ओल धरते, म्हणून डिस्ट्रिब्युटरची (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाची) टोपी काढा, आतून कोरड्या कापडानं पुसा. आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुने रबरी पाइप बनवलेले नव्हते. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं असलं तरी पाइप मऊ पडलेत का, चिरा गेल्यात का, ते वर्षातून एकदा हातानं चाचपा.

माझ्या गाडीला तिसऱ्या खेपेला पंपावरच्या फडक्यानं फरक पडला नाही. कॉइलवर ठेवलं आणि पहिल्या सेलला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतून नवी कॉइल आणून बसवली, तेव्हापासून घाट चढते.