जुन्या कौलांचा स्लॅब

कुडाळच्या घरावरची मंगलोरी कौलं उतरवली आणि गडग्याकडेला ढीग लागला. हल्ली जो तो पत्रे घालतो, फुकट देऊनही कोणी नेईना. मागीलदारी 10 बाय 12 ची खोली बांधायची होती, तिच्या स्लॅबमध्येच ती घालायची ठरवली. गवंडी हसला, "काकी, कौलां छपरार घालतत, स्लॅबात नाय!"

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात कितीतरी घरांना असे स्लॅब घातले. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट बरंचसं नुसतं भरताड. त्या भरताडाच्या जागी कौल.

आधी कौलं निवडा. बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द आवाज आला की बाजूला. आम्हाला 40 जोड्या लागल्या, म्हणजे 80 कौलं. शेवाळ काथ्याने घासा.

सळईचं गणित इंजिनिअरकडूनच घ्या, गवंड्याच्या अंदाजावर नको. कौलांच्या मापाने सळयांची जाळी आखायची, दोन जोड्यांमध्ये 4 इंच मोकळे. भिंतीलगत फूटभर पट्ट्यात कौल अजिबात नको, तिथे भरीव काँक्रीटच हवं.

कौलं आदल्या रात्री पाण्यात बुडवा. कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतं. सकाळी सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्यावर, जोड्या मांडा: एकावर एक, मध्ये पोकळी राहील अशा, खालच्याची कारखान्याचं नाव उमटलेली बाजू खाली. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई सेंट्रिंगला टेकू नये म्हणून ठेवायचे छोटे ठोकळे, विसरू नका.

काँक्रीट ओतताना आधी मधल्या फटी भरायच्या, म्हणजे कौलं सरकत नाहीत. मग वर 2 इंच. घमेली घेऊन माणसं चालतात त्या वाटेवर फळ्या टाका. आम्ही टाकल्या नाहीत, पहिल्याच फेरीत सात कौलं फुटली. ती बदलेपर्यंत मिक्सर थांबवावा लागला आणि माझं रक्त आटलं.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर छोट्या बांधांची आळी करून पाणी साठवा. आम्ही 14 दिवस ठेवलं, सेंट्रिंगही तोवर काढलं नाही. 5 इंची स्लॅबला काँक्रीट साधारण एक पंचमांश कमी लागलं.

खालून गिलावा करू नका. सिमेंटचे ओघळ तेवढे तारेच्या ब्रशने काढा. छतात कौलांवरची अक्षरं दिसतात. जाऊबाई मात्र अजून विचारतात, "छताचं काम कधी पुरं करणार?"