राखणीची बंदूक घेताना: हलकी, परवडणारी आणि अंगाला बसणारी

भात पोटरीला आलं आणि रताळ्याला कंद धरायला लागले की बेळगावकडच्या आमच्या खानापूर तालुक्यात दुसरा विषय नसतो. डुकरं कुठून उतरली, किती होती, कुणाचं वावर गेलं. भीमगड अभयारण्याच्या कडेची गावं असोत, जांबोटी-कणकुंबीकडची असोत की गुंजी-लोंढ्याकडची, रात्री माळ्यावर, म्हणजे रानातल्या राखणीच्या मचाणावर, माणूस नसला तर सकाळी रताळ्याचं रान नांगरल्यासारखं उलथलेलं असतं. मग कुणीतरी विचारतंच, "वहिनी, हलकी आणि स्वस्तातली रायफल कुठली घ्यावी?"

आमचे हे गोव्यात नोकरीला. मामंजींना आता रात्रीची राखण झेपत नाही. त्यामुळे माळा, बॅटरी आणि बंदूक माझ्याकडे आली. उंचीनं मी पाच फुटांच्या आसपास. बंदूक जड की हलकी, लांब की आखूड, हा माझ्यासाठी हौसेचा प्रश्न कधीच नव्हता. म्हणून विचारणाऱ्याला मी पहिलं उत्तर देते ते हे, की रायफल नको, एकनळी बघा.

याची दोन कारणं. पहिलं कायद्याचं. शस्त्र कायदा 1959 मधलं कलम 13 पिकाच्या राखणीसाठी मुळात ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायच्या, बंदुकीचं नाव घेतं. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो, म्हणजे आपली छऱ्याच्या काडतुसाची बारा बोअरची, एकनळी किंवा दुनळी. तिची नळी 20 इंचांपेक्षा आखूड चालत नाही. राखणीच्या परवान्याच्या या वाटेत रायफल बसतच नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. .315 रायफलची गोळी नेम चुकला तर मैलभर सहज जाते. लहानशी .22 सुद्धा मैलाच्या घरात पोचते. आपली रानं म्हणजे एका बांधाला लागून दुसऱ्याचा माळा, पलीकडे वाडी, मधल्या पायवाटेनं पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेली माणसं. बारा बोअरच्या बारीक छऱ्यांचा जोर दोन-तीनशे मीटरमध्ये संपतो. अंधारात, पावसात, झोपमोड झालेल्या माणसाच्या हातात कुठलं हत्यार असावं, ते यावरून ठरवा.

आता परवडण्याचं. दुकानात जाण्याआधी घरात विचारा. आपल्याकडे कितीतरी घरांत आजोबांच्या, सासऱ्यांच्या नावावर जुनी बंदूक आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा बंदूक नावावर येऊन 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो ती घरातल्या वारसाच्या नावे करायला अर्ज देऊ शकतो. मामंजींची दुनळी अशीच माझ्या नावावर आली. डीसी ऑफिसचे, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीचे, हेलपाटे, शेताची पहाणी, पोलीस चौकशी, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, हे सगळं वारसालाही करावं लागतं. पण बंदुकीचे पैसे वाचतात. परवाना आता पाच वर्षांचा मिळतो. त्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ती दुनळी सुरेख होती, पण मला जड होती. दुनळी साधारण तीन ते साडेतीन किलो भरते, एकनळी अडीच ते तीन. अर्धा किलो ऐकायला काहीच नाही. निसरड्या शिडीवरून माळ्यावर चढताना आणि दोन वाजता अवघडलेल्या हातांनी उचलताना ते कळतं. म्हणून परवान्यावर रीतसर बदल करून घेतला, दुनळी डीलरला दिली आणि जुनी एकनळी घेतली. जुनी म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. नीट ठेवलेली बारा बोअर दोन पिढ्या चालते. मात्र ओळखीतल्या माणसाकडून घ्यायची असेल तर आधी व्यवहाराची रीत बघा. विकणाऱ्यानं अधिकाऱ्यांना लेखी कळवून 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. "आत्ता घेऊन जा, कागद मागनं करू" म्हणणाऱ्याच्या दारातून तसंच परत फिरा.

जुनी बंदूक बघताना मी काय करते ते सांगते. पहिल्यांदा ती मोडून, म्हणजे बिजागरीत उघडून, आत काडतूस नाही ना हे डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. विकणाऱ्यानं आपल्यासमोर बघितलेली असली तरी. मग नळी ट्यूबलाइटकडे धरून मागच्या बाजूनं आत बघायचं. आत उजेडाची एकात एक कडी दिसतात. ती सगळी गोल आणि अखंड हवीत. एखादं कडं एका जागी चेपलेलं किंवा तुटलेलं दिसलं तर तिथे नळीला पोचा आहे. काळे ठिपके दिसले तर पुसून पुन्हा बघा. पुसल्यावर जातात ती घाण, राहतात तो गंजाचा खड्डा. पोचा किंवा खोल खड्डे असलेली नळी फुकट मिळाली तरी नको.

नंतर बंदूक मिटवून एका हातात दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा भाग, आणि दुसऱ्या हातात नळी धरून हलवायची. सांध्यात खडखड नको. सांध्याच्या फटीतून पलीकडचा उजेड तर अजिबात दिसता कामा नये. घोडा चढवून ठेवावा आणि दस्त्याला तळहातानं हलके ठोके द्यावेत. घोडा आपोआप पडला तर ती बंदूक ठेवून द्या. चाप तपासायला दुकानदाराकडून खोटं काडतूस मागून घ्या, रिकाम्या नळीवर घोडा आपटत बसू नका. दुनळीच घ्यायची असेल तर नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून बोटावर टांगा आणि नखानं टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर दोन्ही नळ्यांमधलं डाखकाम शाबूत आहे. आवाज बद्द आला तर कुठेतरी सुटलंय.

नळीवर चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं, माप कोरलेलं असतं, 65 मिमी किंवा 70 मिमी, जुन्यांवर अडीच किंवा पावणेतीन इंच. हे पाठ करा. 65 च्या बंदुकीत 70 चं काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि आतला दाब भलताच वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे बहुतेकांकडे असतात. खोक्यावरचं माप बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता हलकेपणाची दुसरी बाजू, कारण इथेच लोक फसतात. बंदूक जेवढी हलकी, तेवढा तिचा धक्का जास्त. काडतूस तेच ठेवून तीन किलोची बंदूक अडीच किलोची केली तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा पाचव्या हिश्शानं वाढते. बारक्या अंगाच्या माणसाला, बाईमाणसाला, दुसरा बार काढेपर्यंत खांदा आखडायला लागतो आणि मग चाप ओढताना डोळे मिटतात. डोळे मिटून काढलेला बार कुठे जाईल ते देवही सांगणार नाही. माझ्या मते पावणेतीन किलोच्या आसपासची एकनळी, मागे चांगला रबरी पॅड आणि काडतूस कमी छऱ्याचं, हा मेळ आपल्या कामाला सगळ्यात बरा.

पण वजनापेक्षाही मोठी गोष्ट दस्त्याची लांबी. कारखान्यातून येणारा दस्ता चाप ते पॅड चौदा इंचांच्या आसपास असतो. तो उंच पुरुषाच्या हाताला बसतो. दुकानात असं करा: समोर माणूस नाही अशी भिंत बघा, डोळे मिटा, रिकामी बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. मान न हलवता नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, सरळ दिसली तर बंदूक तुमची. माशी दिसायला मान पुढे ताणावी लागली किंवा पॅड काखेत अडकलं तर दस्ता लांब आहे. आणि हे अंगावर घोंगडीची खोळ घेऊन करा. दुकानदार बघत राहिला तर बघू दे. पावसाळ्यात आपण खोळ घेऊनच बसतो, तिच्या जाडीनं दस्ता आणखी लांब होतो आणि तिच्या काठात पॅड अडकतं. माझा दस्ता परवानाधारक कारागिराकडून इंचभर कमी करून घेतला, पॅडच्या कडा गोल करून घेतल्या, आणि तीच बंदूक हातात वेगळी वाटायला लागली. दस्ता कापता येतो. नळी कापायची नाही. बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, कुणी कितीही सहज करून देतो म्हणाला तरी.

ठासणीच्या बंदुकीबद्दलही विचारतात, कारण ती सगळ्यात स्वस्त. पण दारू, बोळा, छर्रे, गज, टोपी हा खटाटोप कणकुंबीकडच्या पावसात करून बघा. दारू सर्दाळली की बार निघतच नाही. त्याहून वाईट म्हणजे भरलेली ठासणी सहज रिकामी करता येत नाही, म्हणून ती भरलेलीच घरात कोपऱ्यात उभी राहते. लेकराबाळांच्या घरात मला ते चालणार नाही. एकनळीतलं काडतूस माळ्यावरून उतरण्याआधी हातात काढून घेता येतं, आणि ते काढूनच उतरायचं. एअरगननं डुकराला काही होत नाही, आणि तिनं मोर-वानर मारणं गुन्हाच आहे.

बंदूक हातात आली म्हणजे जनावर मारायची परवानगी आली, असं नाही. वन्यजीव कायद्यात रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कलम 11 खाली लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात असेल तरच, आणि तीत लिहिलंय तेवढंच. मेलेलं जनावर सरकारचं. त्याचे वाटे घालता येत नाहीत. गवा पहिल्या अनुसूचीत, त्याच्याकडे नळी वळवायचीच नाही. माझं बहुतेक काम आवाजावर भागतं: बॅटरीचा झोत, डबा वाजवणं आणि लागलाच तर मातीच्या बांधाकडे एक बार. कळप उठतो. कुंपणात करंट सोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, त्या तारेला पहिला शेजाऱ्याचा मुलगाही चिकटू शकतो.

आपल्या सीमाभागातली एक अडचण राहिली. कित्येकांची थोडी जमीन इकडे आणि थोडी चंदगडकडे. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, ते वाचा. बेळगावचा परवाना महाराष्ट्राच्या हद्दीत चालेल असं गृहीत धरून बंदूक गाडीत टाकू नका. क्षेत्र वाढवून मिळेपर्यंत पलीकडच्या रानात बॅटरी आणि डबाच. निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात बंदूक जमा करायला सांगतात. देण्याआधी नळीतून तेलाचं फडकं फिरवा, पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून बघा, आणि परत घेताना पुन्हा एकदा नळी उजेडाकडे धरा.