प्रेसवरची डाय झटपट कशी बदलावी

सेटिंगचा, म्हणजे प्रेसवरची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलण्याचा वेळ मोजायचा तो जुन्या लॉटच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या लॉटच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत. बोल्ट आवळले की घड्याळ बंद करणारे स्वतःलाच फसवतात. पुढे ट्रायलमध्ये किती वेळ जातो ते सेटरला, म्हणजे डाय बदलणाऱ्या कामगाराला विचारा.

त्यालाच विश्वासात घेऊन एक पूर्ण सेटिंग मोबाईलवर शूट करा आणि त्याच्यासोबत बसून पाहा. पाना शोधणं, स्टोअरच्या फेऱ्या, फोर्कलिफ्टची वाट, क्वालिटीवाल्याची वाट. प्रत्यक्ष काम त्यात थोडकंच. १९५० मध्ये जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो हिरोशिमाच्या तोयो कोग्यो (आजची माझदा) कारखान्यात गेले, तेव्हा ८०० टनी प्रेस बंद ठेवून कामगार एका बोल्टपायी तासाहून अधिक काळ गायब होता. शेवटी दुसऱ्या डायचा लांब बोल्ट कापून, आटे पाडून त्याने काम भागवलं. मग त्या डायचं काय, हा प्रश्न उरलाच!

आता यादी करा: मशीन चालू असताना काय उरकता येईल? पुढची डाय, बोल्ट, पॅकिंगच्या पट्ट्या, गेज (मापं तपासायचं साधन) हे सगळं प्रेस थांबण्याआधी ट्रॉलीवर हजर हवं. एवढ्यानेच बराच वेळ वाचतो, आणि खर्च जवळपास शून्य. हे न करता हायड्रॉलिक क्लॅम्प मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग बंद मशीनवरची कामं. बोल्टला पंधरा आटे असले तरी पकड येते ती शेवटच्या फेऱ्यात; म्हणून शक्य तिथे यू आकाराचे वॉशर किंवा झटपट क्लॅम्प वापरा. सगळ्या डायच्या क्लॅम्पिंगच्या कडेची जाडी एकसारखी करा, म्हणजे बोल्ट बदलावे लागत नाहीत. बुटक्या डायखाली कायमची प्लेट बसवून शट हाइट (मिटलेल्या डायची उंची) जुळवा. रॅम (प्रेसचा वरचा हलणारा भाग) वरखाली करत बसण्याचा खेळ संपतो. डायची जागा पिनांनी पक्की करा. पुढे एक, मागे एक अशी दोन माणसं लावा. घाईत सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ नये म्हणून लावायचा ठोकळा) मात्र वगळायचा नाही.

टोयोटात १९६९ मध्ये १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग याच वाटेने आधी दीड तासावर, मग तीन मिनिटांवर आलं.

वाचलेल्या वेळात तोच लॉट वाढवू नका. तासाचं सेटिंग पंधरा मिनिटांवर आलं, तर त्याच तासात चारदा डाय बदलता येते. लॉट तेवढे लहान करा, म्हणजे गोदामातला पडून राहिलेला माल हलेल.