गाडीचा टाय रॉड एंड (स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) घरीच बदलला
परभणीहून गंगाखेडला जाताना खड्ड्यात पुढून खट-खट आवाज यायलता, स्टेअरिंग पण ढिलं वाटायलं. जॅक लावून स्टँड दिला, चाक डावं-उजवं धरून हलवलं तर प्ले (ढिलेपणा) टाय रॉड एंडमध्येच, रबरी बूट फाटून आत आपली काळी माती, ग्रीसचा पत्ता नाही. चाक काढलं, दांडीवर एंड आवळणारा लॉक नट सैल केला, स्प्लिट पिन (बोल्टचा नट फिरू नये म्हणून घातलेली पिन) काढली, तो नट थोडा ढिला ठेवून नकलला (चाकाजवळचा लोखंडी भाग, ज्यात एंडचा बोल्ट बसतो) बाजूनं हातोडा मारला की टेपर (बोल्टचा घट्ट बसलेला निमुळता भाग) सुटतो, बोल्टच्या टोकावर अजिबात ठोकू नका, आटे जातात. जुना एंड काढताना किती फेरे झाले ते मोजा, नवा तेवढाच फिरवा, नाहीतर स्टेअरिंग वाकडं. स्प्लिट पिन नवीच टाका, लई महत्त्वाचं आहे हे. मग चाकांची अलाइनमेंट करून घ्या, टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन) चुकला की टायर लवकर खातो.