रोहिण्या लागण्याआधी घरचं बी उगवून पाहा

रोहिणी 25 मेला लागते, त्यानंतर पंधरा दिवसांत मृग. उगवण चाचणीला सात दिवस लागतात. आजच गोणपाट भिजवा.

कपाशीचं संकरित बी दुकानातूनच आणावं लागतं. माझी काळजी मूग, उडीद, चवळी, तूर आणि ज्वारीची आहे. हे बी घरात असतं आणि न तपासता पेरलं जातं. आमच्या शिवारात एका बाप्पांनी चार एकर उडीद पेरला. दाणा टपोरा, किडीचा डाग नाही. पण पूर्ण उन्हाळा तो प्लास्टिकच्या गोणीत, पत्र्याच्या खोलीत पडून होता. भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा त्या पत्र्याखाली बियाचं काय होत असेल! उगवले शंभरात तीस. दुबार पेरणीला दुकानात गेले, तर बियाण्यासोबत टॉनिकची बाटली आणि लिंकिंगचं, म्हणजे सोबत घ्यायलाच लावलेलं, खत गळ्यात पडलं. असं मी दरवर्षी बघतो, आणि दरवर्षी जीव तुटतो.

चाचणी फुकट आहे. निवडून न घेता सरसकट 100 दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, घरात सावलीला ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. सातव्या दिवशी धड मूळ आणि कोंब असलेलेच मोजा. 75 च्या वर आले तर नेहमीचं प्रमाण. 60 आले तर बी सव्वापट. त्याखाली आले तर ते बी पेरू नका. माझा एक अंदाज सांगतो: दाताखाली दाणा कट्‌कन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओल आहे. पण यावर भरवसा ठेवून चाचणी टाळू नका.

हे एकट्याने करण्यापेक्षा गावाने करावं. एका रविवारी पारावर प्रत्येक घराने शेरभर बी आणावं, सोबत वाणाचं नाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी. कोणत्या घरात जुना उडीद आहे, कोणाकडे वेलाची चवळी आहे, हे घरच्या बायांना पक्कं माहीत असतं. त्यांना पुढे बसवा. ज्याचं बी नापास झालं त्याला दुसऱ्याने द्यावं, सुगीला दीडपट परत घ्यावं. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, बदलण्याचा हक्क दिलेला आहे, तेव्हा घाबरू नका.

कपाशीत मुगाच्या किंवा चवळीच्या ओळी टाका, कडेला ज्वारी. मूग 60-65 दिवसांत निघतो, तूर पाच-सहा महिने उभी राहते. पावसाने मध्ये ताण दिला तरी सगळं एकदम जात नाही. चवळीवर मावा येतो, त्यामागे मावा खाणारे ढालकिडे येतात, आणि माझ्या पाहण्यात अशा कपाशीला पहिली फवारणी उशिरा लागते. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीला ज्वारी-उडीद घरचाच मिळतो, ते वेगळंच.

पेरणीआधीची कामं:
- वखराच्या पाळ्या, धसकटं वेचणं
- बांधावरची बोर-बाभूळ, निंब राखणं
- ज्वारीला काणी रोगासाठी 300 मेश (बारीक भुकटीचं) गंधक, किलोला 4 ग्रॅम
- कडधान्याला ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी बुरशी) किलोला 5 ग्रॅम, मग रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) 10 किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी

75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण जुंपू नका. मृगाच्या पहिल्या सरीवर शेजाऱ्याने पेरलं तरी थांबा. आणि पास झालेल्या बियातला तिसरा हिस्सा आधीच वेगळा काढा. मडक्यात, राखेत, पत्र्यापासून लांब, मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा. आर्द्रा कोरडी गेली आणि दुबार करावी लागली, तर त्याच मडक्याला हात घाला.